धक्क्याला सरळ वाट द्या : टेबलावरून रायफल चालवताना कसं बसावं

टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या, त्यांवर टेकवलेली रायफल आणि मागे स्टूल. एवढी मांडणी दिसली की नवख्या माणसाला वाटतं, आता नेम चुकायला कारणच उरलं नाही. वजन पिशव्यांनी घेतलं, हात थरथरायचा प्रश्न मिटला. मग पहिल्या पाच गोळ्या सुटतात आणि टार्गेटवर पाच भोकं पाच दिशांना दिसतात. दोन वर, एक पार उजवीकडे, आणि खांदा दुखायला लागलेला. दोष आधी दुर्बिणीला दिला जातो, मग काडतुसांना, मग रायफलीला. बहुतेक वेळा दोष बसण्यात असतो.

पुण्यात रायफल हातात घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्याला कारणही आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझपदक मिळवलं. क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करणारा हा मुलगा. १९५२ साली खाशाबा जाधवांनी आणलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं लागली. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. तिथल्या शूटिंग रेंजवर आज मार्केट यार्ड, बिबवेवाडी, गुलटेकडी अशा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्त्यांमधूनही मुलं पाठीवर लांबडी बॅग अडकवून येतात.

ऑलिंपिकमध्ये टेबल नसतं. तिथे गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून गोळ्या झाडाव्या लागतात. मग टेबलाचा खटाटोप कशासाठी? रायफल आणि दुर्बीण जुळवण्यासाठी, म्हणजे झिरो करण्यासाठी, टेबलासारखी जागा नाही. कोणतं काडतूस आपल्या रायफलीला मानवतं हे टेबलावरच कळतं. नवशिक्याला ट्रिगर शिकवायचा तर उभं राहण्याचं ओझं काढून टाकावं लागतं. वयस्क माणसाला, गुडघे गेलेल्याला, व्हीलचेअरवरच्या नेमबाजाला हीच सोयीची जागा. पॅरा नेमबाजीत प्रोन प्रकारात एसएच-१ गटाचे, म्हणजे रायफलीचं वजन स्वतः पेलू शकणारे खेळाडू दोन्ही कोपरं टेबलावर टेकवूनच नेम धरतात. आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या उभ्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रकारात चौथा आला, तोही बसूनच. बसून नेमबाजी करणं हे कमी प्रतीचं काम आहे असा एक समज रेंजवर फिरत असतो. तो डोक्यातून काढून टाका.

आता धक्क्याकडे येऊ. गोळी पुढे गेली की रायफल मागे येणारच. हा न्यूटनचा नियम आहे, त्याला ताकदीने उत्तर नाही. पण तो धक्का किती मोठा आणि नेमका केव्हा येतो, हे समजून घेतलं की बसण्याची निम्मी पद्धत आपोआप सुचते.

एनसीसीत ज्यांनी ०.२२ ची रायफल चालवली आहे त्यांना तिचा धक्का आठवणारही नाही. तिची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. तीन किलोची रायफल तेवढ्याने सेकंदाला तीस सेंटिमीटरसुद्धा मागे येत नाही. जुन्या ०.३०३ ची गोळी ११ ग्रॅमची आणि वेग ७४० मीटर. शिवाय नळीतून सुटणारा जळलेल्या दारूचा वायूही मागे ढकलतो. चार किलोची ती रायफल सेकंदाला जवळजवळ पावणेतीन मीटर वेगाने खांद्यावर येते. धक्क्याची ऊर्जा मोजली तर ती ०.२२ च्या शंभरपटीहून जास्त भरते. म्हणून ०.२२ वर चालून गेलेली बैठक मोठ्या रायफलीवर चालेल असं गृहीत धरू नका.

आणि इथे एक गोष्ट आहे जी फार थोडे लोक लक्षात घेतात. धक्का गोळी बाहेर पडल्यावर सुरू होत नाही. गोळी नळीत सरकायला लागल्या क्षणी रायफल मागे सरकायला लागते. ०.३०३ सारख्या रायफलीत गोळी नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत रायफल दीड-दोन मिलिमीटर मागे आलेली असते. ०.२२ मध्ये अर्धा मिलिमीटर. म्हणजे गोळी अजून आत असताना रायफल हलते आहे आणि ती कुठल्या दिशेने हलेल, हे तुमचा खांदा, गाल, पिशवी आणि बसण्याचा कोन ठरवतात. मीटरभर लांबीच्या रायफलीचं तोंड दस्त्याच्या तुलनेत एक दशांश मिलिमीटर सरकलं तर शंभर मीटरवर गोळी एक सेंटिमीटर बाजूला जाते, पन्नास मीटरवर पाच मिलिमीटर. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. एवढ्याशा हालचालीने गोळी मध्यापासून त्या वर्तुळाच्या कडेशी जाऊन बसते.

यातून निघणारी गोष्ट एकच आहे आणि हा सगळा लेख तिच्यासाठी आहे. धक्का अडवायचा नसतो. त्याला मागे जायला सरळ वाट द्यायची आणि ती वाट प्रत्येक गोळीला तीच ठेवायची. रायफल दरवेळी सारखीच हलली तर गोळ्या एका जागी पडतात. ती जागा चुकली असली तरी दुर्बिणीच्या दोन-चार क्लिकमध्ये सुधारते. रायफल दरवेळी वेगळी हलली तर जगातली कुठलीही दुर्बीण उपयोगाची नाही.

मार्केट यार्डात ट्रकमधून पोतं पाठीवर घेणारा हमाल बघा. तो पोत्याशी झुंजत नाही. पाय थोडे फाकवून, कणा पोत्याच्या बरोबर खाली आणून, अंग किंचित पुढे झुकवून तो उभा राहतो आणि पोतं पाठीवर आलं की वजन सरळ कण्यातून पायांत उतरतं. तेच पोतं एका खांद्यावर तिरकं आलं तर तोच दणकट माणूस हेलकावतो. रायफलीच्या मागे बसताना अंगाची हीच समजूत हवी.

टेबलावर बसलेल्यांपैकी बहुतेक जण रायफलीच्या तिरके बसतात. उजवा खांदा पुढे, डावा मागे, कंबर पिळलेली. याचं कारण टेबलाची चौकोनी कड. पोट कडेला लागतं, म्हणून माणूस एका बाजूला सरकतो. मग धक्का आला की खांदा मागे फिरतो, रायफल उजवीकडे ओढली जाते आणि गोळ्या आडव्या रेषेत पसरतात. आडवे पसरलेले ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, दिसले की वाऱ्याला दोष देण्याआधी आपले खांदे बघा. दोन्ही खांदे नळीच्या रेषेला काटकोनात यायला हवेत. त्यासाठी स्टूल रायफलीच्या रेषेत आणा, टेबलाच्या नाही. टेबलाला कापलेली खाच असेल तर उत्तमच. नसेल तर टेबलाच्या कोपऱ्याशी बसा आणि रायफल कोपऱ्याच्या दिशेने मांडा. डाव्या हाताच्या नेमबाजाने हे सगळं उलटं करायचं. उजव्याडाव्याची सोय असलेलं टेबल प्रत्येक रेंजवर नसतं, म्हणून आधी विचारून ठेवा.

उंचीची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. टेबल ठेंगणं असलं की माणूस रायफलीवर वाकतो, खांदे कानाशी येतात आणि दस्ता खांद्याच्या मांसल भागावर बसण्याऐवजी हासळीच्या हाडावर टेकतो. पाच गोळ्यांत काळंनिळं होतं ते यामुळे. उभं राहून तीच रायफल चालवली तर एवढं लागत नाही, कारण उभ्या माणसाचं अख्खं धड धक्क्यासरशी थोडं मागे जातं. टेबलावर पुढे वाकून बसलेल्याचं धड तसं सहज मागे जात नाही. सगळा धक्का खांद्यावर संपतो. म्हणून पिशव्या उंच करा, स्टूल खाली घ्या, पाठ जमेल तितकी सरळ ठेवा. छाती आणि टेबलाची कड यांत चार बोटांचं अंतर ठेवा. पाय दोन्ही तळव्यांनी जमिनीवर, खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले. स्टुलाच्या दांडीवर पाय अडकवून बसणाऱ्याची पकड कितीही चांगली असली तरी त्याचं धड डुलत राहतं. स्टूल डगडगत असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारा. लाज वाटून घेऊ नका.

दस्ता कुठे टेकवायचा? उजवा हात सरळ पुढे करून खांद्याजवळ चाचपा. हासळीचं हाड संपतं आणि खांद्याचा गोळा सुरू होतो, त्या दोहोंमध्ये एक मऊ खळगा सापडतो. दस्ता तिथे. कोपर थोडं वर उचललं की खळगा खोल होतो, फार खाली पाडलं की तो नाहीसा होतो. दस्ता आणि खांदा यांत फट ठेवू नका. धक्क्याला घाबरून माणूस रायफल खांद्यापासून दोन बोटं दूर धरतो आणि मग तीच रायफल वेग घेऊन हाडावर आदळते. दाबून मात्र धरायची नाही. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांनी ती खांद्याकडे ओढून ठेवली एवढा दाब पुरे. दस्त्याला चांगलं रबरी पॅड असू द्या. रबर धक्क्याची बेरीज बदलत नाही, पण तो जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतं, म्हणून खांद्याला कमी जाणवतो.

गाल दस्त्यावर ठेवायचा, आपटायचा नाही. मान पुढे ताणून दुर्बिणीत डोळा घालण्याची सवय घातक आहे. बहुतेक दुर्बिणी डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर पूर्ण चित्र दाखवतात. टेबलावर वाकल्यामुळे डोकं पुढे सरकतं, हे अंतर कमी होतं आणि मोठ्या रायफलीचा धक्का दुर्बिणीची धातूची कड थेट भुवईवर आणतो. भुवईच्या वरची चंद्रकोरीसारखी जखमेची खूण जुन्या शिकाऱ्यांच्या घराण्यात पाहायला मिळते ती यामुळे. डोळे मिटा, गाल आरामात टेकवा, डोळे उघडा. चित्र पूर्ण दिसलं तर ठीक. कडेने काळी सावली दिसली तर मान हलवू नका, दुर्बीण पुढेमागे करून घ्या.

आता पिशव्या. बाजारात महागड्या लोखंडी रेस्ट मिळतात, पण सुरुवातीला त्यांची गरज नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून एक टोक दाभण-सुतळीने शिवा, वाळू भरा, दुसरं टोक शिवून टाका. दाभण, सुतळी आणि बारदान मार्केट यार्डाच्या भुसार बाजाराच्या आसपास सहज मिळतं. बरेच जण पिशवीत तांदूळ किंवा राळा भरतात. भरायला सोपं, हलकं, हाताला छान. पण दोन अडचणी आहेत. एक, तांदळाचं वजन तेवढ्याच मापाच्या वाळूच्या जवळपास निम्मं, त्यामुळे धक्क्यासरशी पिशवीच सरकते. दुसरी पुण्याच्या पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये धान्याला पोरकिडे लागतात, पिशवी ओल धरते आणि उंदराला आयतं खाणं मिळतं. धुऊन, चाळून, उन्हात कडक वाळवलेली वाळू हेच खरं. ओली वाळू भरली की कापड कुजतं आणि रायफलीच्या लोखंडाला गंज चढतो, म्हणून वाळवण्यात घाई करू नका. प्रवासात हलकी पिशवी हवी असेल तर प्लॅस्टिकचे बारीक दाणे भरावेत.

पुढची पिशवी गच्च भरा, मागची थोडी सैल. पुढच्या पिशवीचं काम रायफल तोलण्याचं, मागचीचं काम नेम बारीक हलवण्याचं. पुढची पिशवी लाकडाखाली येते, नळीखाली कधीच नाही. नळी पिशवीवर टेकवली की गोळी सुटताना तिची स्वाभाविक थरथर अडते आणि गोळी भलतीकडे जाते. पिशवी फार पुढेही नको. मॅगझिनच्या थोडं पुढे, जिथे डावा हात उभ्या स्थितीत धरेल तिथे ती बसली की झिरो बाकीच्या पोझिशनशीही बऱ्यापैकी जुळतो. पट्टा आणि त्याची कडी काढून ठेवा. मागे सरकणाऱ्या रायफलीची कडी पिशवीला अडकली की रायफल उसळते, आणि हे कारण शोधायला माणसाची दोन-दोन काडतुसांची पाकिटं संपतात.

डावा हात कुठे? ०.२२ किंवा हलक्या धक्क्याची रायफल असेल तर डावा हात मागे न्या, दस्त्याखालची पिशवी मुठीत धरा. मूठ आवळली की दस्ता उचलला जातो, नेम खाली येतो. सैल सोडली की नेम वर जातो. ही चिमूटभर हालचाल एकदा हाताला सापडली की उभ्या रेषेतला नेम मिलिमीटरने हलवता येतो. धक्का मोठा असेल तर मात्र डावा हात पुढे, लाकडावर, हलक्या पकडीने. मोठी रायफल नुसती पिशव्यांवर सोडली तर ती उसळते, डावीउजवीकडे पडते, आणि दुर्बीण चेहऱ्यावर येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बेंचरेस्ट हा स्वतंत्र क्रीडाप्रकार रुजला. त्यातले काही नेमबाज रायफलीला जेमतेम ट्रिगरवरच्या बोटाने शिवतात. त्यांच्या रायफली वजनदार, काडतुसं छोटी. ते बघून घरातली ०.३१५ ची रायफल तशी चालवायला जाऊ नका.

सगळं मांडून झालं की एक परीक्षा घ्या. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, दुसरा श्वास सोडता सोडता डोळे उघडा. नेम मध्यावरच असेल तर अंग जुळलंय. बाजूला सरकला असेल तर त्याला हाताने ओढून मध्यावर आणू नका. ओढून आणलेला नेम म्हणजे ताणलेला स्नायू, आणि गोळी सुटताना तो स्नायू सैल पडतोच. स्टूल सरकवा, पिशवी सरकवा, कंबर वळवा, पुन्हा डोळे मिटा. उभं राहून खेळणारे नेमबाज हे दर शॉटआधी करतात. टेबलावर बसणारे करत नाहीत, कारण पिशव्या आहेत म्हणून त्यांना ते गरजेचं वाटत नाही. मला विचाराल तर टेबलावरचे निम्मे वाईट ग्रुप या एका आळसातून येतात.

ट्रिगरचं सांगायचं तर बोटाचं पहिलं पेर, सरळ मागे, हळूहळू वाढता दाब. गोळी सुटल्यावर बोट तिथेच दाबून ठेवा, गाल तिथेच, डोळा उघडा. रायफल उसळून पुन्हा कुठे स्थिरावली ते बघा. ती सरळ मागे जाऊन नेमाच्या जवळ परत आली तर बैठक बरोबर. दरवेळी वर आणि डावीकडे जाऊन पडत असेल तर खांद्याचा कोन किंवा मागची पिशवी तपासा. रायफल स्वतः सांगत असते; डोळा मिटणाऱ्याला ते दिसत नाही.

डोळा मिटतो, खांदा पुढे झुकतो, मूठ आवळते. याला रेंजवर फ्लिंच म्हणतात आणि मोठ्या रायफलीचा खरा शत्रू तोच. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे एक-दोन हजारांश पुरतात. माणसाला कशाचीही प्रतिक्रिया द्यायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो. म्हणजे धक्का जाणवल्यानंतर तुम्ही जे काही करता त्याचा गोळीवर काहीच परिणाम नसतो. बिघडवते ती धक्क्याची आधीच धरलेली धास्ती. ती मोडायचा खात्रीचा उपाय म्हणजे रिकामी नकली काडतुसं खऱ्यांत मिसळून दुसऱ्याने भरून द्यायची. नकली काडतूस आलं आणि ट्रिगर ओढताच रायफल खाली झुकली की तुम्हाला स्वतःची धास्ती उघड दिसते. मग दर खऱ्या गोळीमागे तीन-चार रिकाम्या. ओरडून, 'घाबरू नकोस' म्हणून हे जात नाही. मोठ्या रायफलीच्या पंधरा-वीस गोळ्या एका बैठकीला पुरे. त्यापुढे खांद्याला कळो न कळो, डोक्याला धास्ती शिकवली जाते आणि ती उतरवायला महिने जातात.

धास्तीचं अर्धं कारण आवाज असतो. कानावर मफ आणि कानात बोळे, दोन्ही घाला, ०.२२ साठी निदान एक. डोळ्यांना चष्मा. कान झाकल्यावर तीच रायफल कमी मारते असं लोक सांगतात, आणि ते खोटं नाही.

ज्यांनी दुकानातून स्प्रिंगची एअर रायफल आणली आहे त्यांना वेगळं सांगायला हवं, कारण वर लिहिलेलं सगळंच त्यांना लागू होत नाही. या रायफलीत जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते; पिस्टन थांबतो तेव्हा ती पुढे ढकलली जाते. छर्रा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत आतच असतो, म्हणजे हे दोन्ही हिसके त्याला बसतात. अशी रायफल पिशवीवर घट्ट दाबली की छर्रे पसरतात. पिशवीवर डाव्या हाताचा तळवा उताणा ठेवा, त्यावर रायफल नुसती तोलून ठेवा, बोटं मिटू नका, खांद्याला जेमतेम स्पर्श. तिला मोकळं हलू द्या. तळवा लाकडाखाली दरवेळी त्याच जागी यावा म्हणून खडूची खूण करून ठेवा. दुर्बीणही एअर रायफलसाठीच बनवलेली घ्या. पुढेमागे हिसका खाऊन साधी दुर्बीण आतून ढिली होते. स्पर्धेतल्या १० मीटर एअर रायफलींना दाबलेल्या हवेची टाकी असते, पिस्टन नसतो, म्हणून त्यांना हा त्रास नाही. त्यांच्यापुढे अर्ध्या मिलिमीटरचा दहाचा ठिपका असतो, तो त्रास पुरेसा आहे.

खांदा वाचवण्याचे आणखी उपाय आहेत. दस्ता आणि खांदा यांत छोटी वाळूची पिशवी घातली की झिरो करण्यापुरता चांगला आराम मिळतो. रायफलीचं वजन दीडपट झालं तर धक्क्याची ऊर्जा एकतृतीयांशाने उतरते. जड रायफल टेबलावर वरदान आहे. पण रायफल लोखंडी चौकटीत मागून घट्ट आवळून तिच्यावर वजनं रचणारी साधनं जपून वापरा. धक्का खांद्यात जात नाही, मग तो दस्त्याच्या मानेत जातो. जुनं लाकूड तिथेच तडकतं. वडिलोपार्जित रायफल असेल तर हा धोका पत्करू नका.

टेबलावरचा झिरो उभ्या किंवा झोपलेल्या स्थितीत थोडा बदलतो. म्हणून शेवटच्या काही गोळ्या ज्या पोझिशनमध्ये खरंच रायफल वापरणार आहात तिच्यात झाडून खात्री करा.

आणि हे सगळं रेंजवरच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून ती गच्चीवर चालवायची मुभा मिळते असं नाही. मार्केट यार्डाच्या आसपास गच्चीला गच्ची लागलेली आहे, गल्लीत पहाटेपासून माणसं आहेत. छर्रा माणसाचा डोळा फोडतो, कबूतराचा जीव घेतो, आणि वन्य पक्षी मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परवान्याची रायफल नेताना ती रिकामी, पेटीत बंद, परवाना सोबत. रेंजवर टेबलावर ठेवलेल्या रायफलीचा बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये ती रिकामी असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग. टार्गेटकडे माणूस चालत असेल तर टेबलापासून दोन पावलं मागे उभे राहा, पिशव्यांनाही हात लावू नका.

शेवटची विनंती आईवडिलांना आणि हौशी काकामामांना. मुलाला पहिली गोळी मोठ्या रायफलीची देऊ नका, गंमत म्हणूनही नाही. पहिला शॉट खांद्यावर आदळला की ते मूल पुढची दोन वर्षं डोळे मिटून ट्रिगर ओढतं, आणि ते सोडवताना प्रशिक्षक आणि मूल दोघंही दमतात. १० मीटरची एअर रायफल किंवा ०.२२, त्याच्या उंचीला जुळणारं स्टूल, पाय जमिनीला टेकलेले, कान झाकलेले. एवढं नीट करून द्या आणि मग बाजूला उभे राहा.